अनाथोथचं शेत
(सोलापूर येथे ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

बंधुभगिनींनो, पत्रिकेवर विषय छापला आहे, ‘ख्रिस्ती विश्वासाने आशा कशी जोपासावी’. त्याची रीत सांगणारच आहे. पण आधी एका वचनाची कैफियत ऐका. बायबलमधलं यिर्मया या संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय २९, वचन ११. आपल्या घरोघरी ते आहे, कॅलेंडरवर, लग्नपत्रिकेवर, दहावीच्या मुलाला दिलेल्या पेनाच्या डबीवर. देवाचे संकल्प हिताचे आहेत, आशा देणारे आहेत. वचन खरंच आहे. पण त्याच्या लगेच वरचं दहावं वचन कुणी छापत नाही. त्यात मुदत लिहिली आहे, सत्तर वर्षं.

मुळात हे पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलच्या, म्हणजे बॅबिलोनच्या, राजाने यरुशलेमेतले कारागीर आणि लोहार धरून नेले, त्यांना यिर्मयाने ते पाठवलं. गिरण्या बंद पडल्यावर सोलापूर सोडून भिवंडीला गेलेली घरं तुमच्या नात्यात असतील, त्यांना ते लगेच कळेल. पत्रात काय आहे? घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे परतीच्या वाटेकडे डोळे लावून बसू नका.

याच्या आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा दुसरा संदेष्टा भेटतो. मंदिरात, सगळ्यांसमोर तो सांगतो की दोन वर्षांत सगळं परत येईल. बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून यिर्मयाने मानेवर घातलेलं जू काढून मोडूनही टाकतो. यिर्मया त्याला आधी ‘आमेन’ म्हणतो, हे लक्षात घ्या. त्यालाही तसंच व्हायला हवं होतं! पण ते देवाकडून आलेलं नव्हतं. आपल्या प्रार्थनासभांमध्ये हनन्याच जास्त बोलतो, हे माझं दुखणं आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून आपण सांगतो, ‘ईस्टरपर्यंत उठून बसाल.’ तारीख टळते. सांगणारा विसरतो, आजारी माणूस मात्र समजतो की आपलाच विश्वास कमी पडला. आशा तुटते ती बहुतेक वेळा इथे. दुःख सोसवतं, आपण दिलेली खोटी तारीख सोसवत नाही.

आता बत्तिसावा अध्याय. हा मी घाईने सांगणार नाही. यरुशलेमेचा राजा सिद्कीया, त्याचं दहावं वर्ष. शहराला बाबेलच्या फौजेचा वेढा पडलेला, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत. अशा वेळी चुलतभाऊ हनामेल येतो आणि म्हणतो, आपल्या गावचं, अनाथोथचं, माझं शेत विकत घे, भाऊबंद म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. जमीन विकायला आलेले भाऊबंद तेव्हाही वेळकाळ बघत नव्हते! वेढा घालणारी फौज बाहेर आणि शेतही बाहेर. तरी यिर्मया सतरा शेकेल चांदी तोलून देतो, आजच्या मापाने दोनशे ग्रॅमच्या आसपास. दस्त लिहितो, साक्षीदार सह्या करतात. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आपला लेखनिक बारूख याला सांगतो, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेव, पुष्कळ दिवस टिकल्या पाहिजेत. निबंधकाच्या कचेरीत रांग लावलेल्या माणसाने हा अध्याय जरूर वाचावा, तपशील एकही सुटलेला नाही.

आणि दस्त झाल्यावर, आधी नव्हे, यिर्मया देवापुढे तक्रार मांडतो. शहर खास्द्यांच्या, म्हणजे बाबेलवाल्यांच्या, हाती चाललंय आणि तू मला शेत घे म्हणतोस? हाच माझा आजचा मुद्दा. हातून आशेचं काम झालेलं असतं आणि तोंडात प्रश्न तसाच असतो. दोन्ही एका माणसात राहू शकतात. शहर पडलं. पुढे यिर्मयाला मिसरात, म्हणजे इजिप्तला, नेलं, शेत कसायला तो परतला नाही. पण बायबलमधल्या एज्राच्या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात बाबेलहून परतलेल्यांची यादी आहे, तिथे तेविसावं वचन काढा. अनाथोथची माणसं, १२८.

आपल्या रेल्वेच्या वाटेवर केडगाव लागतं. तिथे पंडिता रमाबाई पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी भाषांतर करत होत्या. १९२१ मध्ये एकुलती मुलगी मनोरमा गेली. बाईंनी काम खाली ठेवलं नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या गेल्या तेव्हा ते पूर्ण झालेलं होतं.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरली आहेत. रीत भरभर सांगतो, लिहून घ्या.

बायबलमधल्या स्तोत्रांतलं स्तोत्र १३ घ्या, सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनांत तक्रार, तिथे ‘कोठवर’ हा प्रश्न चारदा येतो. पुढच्या दोनांत मागणं, शेवटच्या दोनांत भरवसा. रात्री वही घेऊन याच क्रमाने लिहा, दहा मिनिटं पुरे. तक्रार नाव घेऊन लिहा. ‘अडचण आहे’ असं नको, ‘लूमचे हप्ते थकले’ असं हवं. मागणं एकच, तारीख न घालता. भरवशासाठी देवाने पूर्वी केलेलं एक काम आठवा. बायबलमधल्याच विलापगीत या पुस्तकातला कवी तिसऱ्या अध्यायात हेच करतो, पण वीस वचनं रडून झाल्यावर. चुका दोन होतात. एक, थेट पाचव्या वचनावर उडी. मग भरवसा पोकळ वाटतो. दोन, तक्रार दिवसभर शेजाऱ्यांना सांगायची आणि देवाला नाही. भरवशाची ओळ सुचली नाही तर जागा कोरी सोडा. स्तोत्र ८८ अंधारात संपतं, तरीही ते शास्त्रात आहे.

प्रभू येशूने वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ उच्चारली, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ म्हणून तक्रार हे पाप नाही. आणि त्याचं पुनरुत्थान झालं, म्हणून आपली आशा आपल्या मनःस्थितीवर टेकलेली नाही. येशूचा शिष्य पेत्र तिला जिवंत आशा म्हणतो ती याच कारणाने. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातला क्रमही बघा. संकट, धीर, शील, मग आशा. ती चौथी येते.

आठवड्यातून एक ‘शेत’ विकत घ्या. पुढचे दिवस येणार आहेत असं धरूनच ज्याला अर्थ येतो असं एक छोटं काम करा, पोस्टात शंभर रुपयांचं आवर्ती खातं, मुलीच्या प्रवेशाचा अर्ज, दारात लिंबाचं रोप. झोप, भूक आणि कामातलं मन दोन आठवडे उडालेलं असेल तर वहीसोबत डॉक्टरही हवा, त्यात विश्वासाची कमतरता नाही. आणि दुःखाच्या घरी गेलात तर ‘रडू नका’ म्हणू नका. डबा न्या, शेजारी बसा, आणि तेरावं स्तोत्र वाचणार असाल तर पहिल्या वचनापासून वाचा.