काळी एकचा सा आणि कॉम्प्युटरचा पंखा

घरी गाणं रेकॉर्ड करायला आवाज न करणारा कॉम्प्युटर कसा जोडायचा, ते आज सांगतो. आधी एक छोटा हिशोब करू. कॉम्प्युटरमधला साधा १२० मिलीमीटरचा पंखा घ्या, सात पात्यांचा, मिनिटाला १२०० फेऱ्या मारणारा. म्हणजे सेकंदाला २० फेऱ्या, त्याला सात पात्यांनी गुणलं की झाले १४० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४० कंपनं, हा त्या पंख्याचा सूर. आता पुरुष गायक काळी एकमधे, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून, गायला बसला तर त्याचा सा असतो साधारण १३८.६ हर्ट्झला. दोघांमधे जेमतेम दीड हर्ट्झचा फरक, म्हणजे तानपुरा लावला की सेकंदाला दीडेक वेळा आवाज लाटेसारखा कमीजास्त होताना ऐकू येणार, जसं जोडीच्या दोन तारा नीट मिळाल्या नाहीत की येतं तसं.

हे मला पुस्तकात वाचून कळलेलं नाही. घरच्या खोलीत एका वयस्कर गायकांचा आलाप रेकॉर्ड करत होतो, मे महिना, एसी बंद कारण त्याचाही आवाज येतो, आणि ते तीनदा म्हणाले की तानपुरा हलतोय, परत लाव. मी तीनदा लावला. रात्री हेडफोनवर ऐकलं तेव्हा कळलं, तानपुरा अगदी जागेवर होता, टेबलाखालचा माझा कॉम्प्युटर हलत होता. नॉइज रिडक्शनचं प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायचा खरखर काढणारा छोटा प्रोग्राम, लावून बघितलं, पण पंखा आणि सा एकाच ठिकाणी असल्यावर ते बिचारं काय काढणार, पंख्याबरोबर तानपुऱ्याचा जीवही गेला. परत गायला ते आले, मन लावून गायले, पण त्या दिवशीचा आलाप तो त्या दिवशीचाच होता.

तर माझं म्हणणं असं आहे की आवाज पंखा करतो हे खरं, पण पंख्याला पळायला लावते ती उष्णता, त्यामुळे पार्ट निवडायला सुरुवात भारीतल्या पंख्यापासून करू नका, प्रोसेसर किती वॅट खातो तिथून करा. आणि इथे खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. इंटेलचा कोअर आय-सेव्हन १३७०० घ्या, ६५ वॅटचा म्हणून विकतात, पण टर्बोमधे, म्हणजे काम वाढलं की तो आपणहून वेग वाढवतो तेव्हा, २१९ वॅटपर्यंत जाऊ शकतो. एएमडीचा रायझन सेव्हन ७७०० पण ६५ वॅटचाच म्हणवतो, तो मात्र जास्तीत जास्त ८८ च्या आसपास थांबतो. दोन्ही चांगले प्रोसेसर आहेत, इंटेल वाईट असं मी अजिबात म्हणत नाही, बायोसमधे, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधे, जाऊन पॉवर लिमिट कमी केलं की तोही गुमान बसतो. पण ते करावं लागतं हे दुकानात कुणी सांगत नाही.

मग कुणी म्हणेल कमी वॅटचा प्रोसेसर गाण्याला पुरेल का? पुरतो. म्युझिकमधे होतं काय, सेकंदाला ४८ हजार सॅम्पल (४८ किलोहर्ट्झ) आणि एका वेळी १२८ सॅम्पलचा तुकडा, म्हणजे बफर, ठेवला तर दर २.७ मिलीसेकंदाला पुढचा तुकडा तयार हवा, नाही झाला की टक्क असा आवाज येतो. एका ट्रॅकवरची प्लगइनची साखळी बहुतेक वेळा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालते, त्यामुळे सोळा-चोवीस कोअरपेक्षा एक कोअर किती चपळ आहे ते महत्त्वाचं. आठ चांगले कोअर आणि ३२ जीबी रॅम, घरच्या स्टुडिओला हे भरपूर झालं. मोठ्या ऑर्केस्ट्राच्या लायब्ररी वापरणारे असतील त्यांनी ६४ घ्या.

आता कूलर. मी मोठा एअर कूलर घ्या म्हणतो, नॉक्टुआचा एनएच-डी१५ किंवा त्या जातीतला कुठलाही, धातू भरपूर आणि पंखा संथ. फक्त त्याची उंची १६५ मिलीमीटर आहे, कॅबिनेटची आतली रुंदी आधी पट्टीने मोजा, नाहीतर साइडचं झाकण लागत नाही. लिक्विड कूलर दिसायला छान असतो, पण त्याचा पंप कॉम्प्युटर चालू असेपर्यंत फिरतच राहतो, आणि पंपाची बारीक कुणकुण माईकला लांबूनही सापडते.

पंख्यांचं गणित लोकांना उलटं वाटतं, म्हणून जरा थांबून सांगतो. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलनी उतरतो. हवा मात्र निम्मीच होते, मग ती भरून काढायला तसाच अजून एक पंखा लावा, त्याने आवाज वाढेल फक्त ३ डेसिबल. म्हणजे हवा तेवढीच राहिली आणि १२ डेसिबल वाचले. म्हणून कॅबिनेट मोठं, समोर जाळीचं आणि त्यात दोन-तीन १४० मिलीमीटरचे पंखे, मिनिटाला सहाशे फेऱ्यांच्या आसपास फिरणारे. फोम लावलेली बंद कॅबिनेट मी स्वतः वापरली आहेत, थंड देशात ती ठीक असतील, आपल्याकडे एप्रिल-मेमधे बंद खोलीत आत कोंडलेली हवा तापते आणि पंखे दुप्पट पळतात. जाळीला धूळ बसते, महिन्यातून एकदा ब्रश मारा.

बाकीचं पटापट. ग्राफिक कार्ड घेऊच नका, ७७०० मधे स्क्रीनपुरतं ग्राफिक आहे, एक मोठा पंखा आणि कॉइलची चिरचिर दोन्ही वाचतात. मदरबोर्डवर छोटा पंखा नसावा, २०१९ मधे आलेल्या एक्स५७० च्या बऱ्याच बोर्डांवर तो होता, सेकंडहॅंड घेताना बघा. फिरणारी हार्डडिस्क बॅकअपला बाहेर ठेवा, ७२०० फेऱ्यांची डिस्क बरोबर १२० हर्ट्झवर घुमते. एसएसडी (न फिरणारी डिस्क) साधी एनव्हीएमई, म्हणजे मदरबोर्डवर थेट बसणारी, बास, कारण २४ बिट ४८ किलोहर्ट्झचे शंभर मोनो ट्रॅक एकदम वाजवले तरी सेकंदाला १५ एमबीसुद्धा लागत नाहीत, मग ती सगळ्यात वेगवान पण तापणारी जेन-फाइव्ह एसएसडी कशाला? एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, ५५० वॅटचा आणि गोल्ड दर्जाचा, कमी लोडला पंखा बंद ठेवणारा.

सगळं जोडून झालं की बायोसमधे फॅन कर्व्ह, म्हणजे किती तापल्यावर पंखा किती पळेल ती रेघ, सपाट करा. एकसारखा हळू आवाज कान विसरतो, पण प्लगइन उघडलं की भुर्र आणि बंद केलं की शांत, असा चढउतार गाणाऱ्याचं लक्ष घालवतो. प्रोसेसर ७५-८० डिग्रीला गेला तर घाबरू नका, ७७०० ची मर्यादा ९५ आहे.

मागे बसलेल्या एकांनी विचारलं की कॉम्प्युटर सरळ दुसऱ्या खोलीत ठेवला तर? अहो, जमत असेल तर तेच करा! यूएसबी २ ची केबल ५ मीटरपर्यंत चालते, माईक कॉम्प्युटरला जोडणारा इंटरफेस गायकाजवळ, कॉम्प्युटर भिंतीपलीकडे, आणि यूपीएसही तिकडेच, कारण त्याचा ट्रान्सफॉर्मर घुमतो. वन रूम किचनमधे राहणाऱ्यांना ते जमत नाही हे मला माहीत आहे, आजचं सगळं बोलणं त्यांच्यासाठीच होतं. त्यांनी निदान टेबलाखालून काढून माईकच्या पाठीमागे ठेवा, कार्डिऑइड, म्हणजे मुख्यतः समोरचं ऐकणारा, माईक मागून सगळ्यात कमी ऐकतो.

आणि नवीन काही विकत घ्यायच्या आधी आज रात्री घरी गेल्यावर खोलीचे पंखे बंद करून, गाताना ठेवता त्याच जागी माईक ठेवून एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, मग ती ३० डेसिबलनी वाढवून ऐका आणि शेजारी तानपुरा लावा.