पोटात पॉलिश असलेला ब्रश

(दृश्य: चप्पल लाईन, सकाळ. शटर वर जातायत. दोऱ्यांना टांगलेल्या चपलांच्या जोड्या.)

कोल्हापुरात बुटाच्या ब्रशावर फिल्म करतोय म्हटलं की समोरचा माणूस आधी आपल्या पायांकडे बघतो, मग तोंडाकडे. "चपलेच्या गावात बूट कशाला शोधताय?" प्रश्न रास्त आहे. कोल्हापुरी चपलेला पॉलिश लागतच नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं ते कातडं तेल पितं. अधूनमधून तेलाचा हात फिरवायचा, पाण्यापासून जपायचं, की झालं. या चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५च्या जूनमध्ये तिच्यासारखीच चप्पल प्राडाच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये चालून गेली आणि मग श्रेयावरून जो गदारोळ झाला तो सगळ्यांना पाठ आहे. तो इथे परत उगाळत नाही.

पण याच गावात सकाळी सातपासून वेगळी पावलं रस्त्यावर येतात. परेडला निघालेल्या पोलिसांचे बूट. स्टँडवर ड्युटीला चाललेल्या कंडक्टरचे बूट. आणि गणवेशातल्या पोरांचे बूट. रिक्षावाल्या मामांना "आलेच" म्हणत आई उंबऱ्यात वाकते आणि पोराच्या बुटांवरून घाईघाईनं ब्रश फिरवते, तिची बोटं काळी होतात, आणि डबा भरायचा अजून राहिलेलाच असतो.

(दृश्य: टेबलावर ब्रश. हात टोपण काढतो.)

तिच्यासाठी हा ब्रश निघाला. मुठीत मावतो. एका टोकाला केस, त्यांच्यावर टोपण. मूठ पोकळ, आणि त्या पोकळीत पातळ काळं पॉलिश. मूठ दाबली की केसांच्या मधल्या भोकातून पॉलिश उतरतं, ब्रश फिरवायचा, टोपण लावायचं. डबी नाही, फडकं नाही. काही ब्रशांत दाबायच्या ऐवजी बटण असतं, काहींत मागची चकती फिरवायची असते, तर काहींत केसांच्या जागी नुसता स्पंज. पोटातला माल पुढच्या तोंडानं बाहेर यावा, एवढाच सगळ्यांचा खटाटोप.

ही युक्ती काल-परवाची नाही. जगभरचे शोध ज्या आंतरराष्ट्रीय पेटंट वर्गवारीत लावून ठेवले जातात, तिच्यात 'ए ४६ बी ११' असा एक खास खण आहे. रंग, पेस्ट किंवा पाणी स्वतःच्याच पोटात बाळगणाऱ्या ब्रशांसाठी. बूट साफ करायच्या साधनांना वेगळा खण, 'ए ४७ एल २३'. सरकारी वर्गवारीत एखाद्या गोष्टीला स्वतंत्र खण मिळतो, तेव्हा तिच्या मागे लागलेली माणसं थोडीथोडकी नसतात. तरीही घराघरात आज काय दिसतं? पॉलिशची तीच चपटी डबी, कडेची कळ फिरवली की टक करून उघडणारी. पेनानं दौत हटवली. या ब्रशाला डबी का हटवता आली नाही?

(दृश्य: शिवाजी उद्यमनगर. लेथचा आवाज. टर्नरच्या हातात ब्रश.)

याचं उत्तर शोधायला आम्ही ब्रश घेऊन उद्यमनगरात, म्हणजे गावातल्या लेथ-वर्कशॉपांच्या वस्तीत गेलो. इथली पद्धत अशी की वस्तू काय आहे हे कुणी विचारत नाही, आधी ती उघडतात. टर्नरनं पकडीत मूठ धरली, आटे सोडवले आणि टेबलावर मांडणी केली: टोपण, केसांची चकती, एक बारीक स्प्रिंग, प्लास्टिकचा व्हॉल्व्ह, रबरी वायसर, रिकामी नळी. "ह्यात काय हाय? पेनच हाय की, जाडं." त्याचं निदान बरोबर होतं. लुईस वॉटरमननं १८८४ साली फाउंटन पेनचं पेटंट घेतलं तेव्हा त्याच्यापुढेही हेच कोडं होतं. शाई बाहेर यायची तर तिच्या जागी हवा आत गेली पाहिजे. हवा गेली नाही तर शाई अडते, जास्त गेली तर कागदावर डाग. ब्रशाचंही तसंच. मूठ दाबून सोडली की ती हवा आत ओढते. भोक अर्धवट बुजलेलं असेल तर हवा जात नाही आणि पुढच्या दाबाला नुसता फुसका आवाज येतो. उलट, एप्रिलच्या दुपारी ब्रश गाडीत राहिला तर आतली हवा तापून फुगते, पॉलिश ढकलते, आणि टोपण उघडताच ते तुमच्या शर्टावर.

पण पेनाची शाई पाण्यासारखी वाहते. पॉलिशची जात वेगळी आहे, आणि खरी गोम तिथे आहे.

(दृश्य: डबीतलं पॉलिश जवळून. भेगा पडलेली, सुकलेली डबी.)

डबीतलं पॉलिश म्हणजे मुळात मेण. मधमाश्यांचं मेण साधारण ६३ अंशांना वितळतं. त्याच्या जोडीला कार्नोबा, म्हणजे ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. ते कडक असतं आणि ८० अंशांच्या पुढे वितळतं. टर्पेंटाइनसारख्या उडून जाणाऱ्या द्रवात ही मेणं मऊ केलेली असतात, आणि वर रंग. पॉलिश बुटाला लावलं की तो द्रव उडतो आणि मेणाचा पातळ थर मागे राहतो. हा थर सुरुवातीला मळकट दिसतो, कारण त्याचा पृष्ठभाग खडबडीत असतो आणि प्रकाश वाटेल तिकडे उधळतो. मग कोरडा ब्रश जोरात फिरवायचा. घासण्याच्या उबेनं आणि दाबानं मेण सपाट बसतं, आणि सपाट झालं की प्रकाश एका दिशेनं परततो. आपण त्यालाच चमक म्हणतो.

आता हे पॉलिश ब्रशाच्या पोटात भरून बघा. लोण्यासारखा घट्ट माल बारीक भोकातून उतरत नाही. पातळ करावा तर द्रव उडतो आणि मेण भोकातच थिजतं. डबी सुकली तर बोटानं खरवडून का होईना वापरता येते. नळी सुकली की गेली. म्हणून या ब्रशांत सहसा डबीतलं पॉलिश नसतंच. असतं ते पाण्यात मिसळलेलं मेण, बरोबर चमकदार थर देणारं पॉलिमर, किंवा मग सिलिकॉन तेल. हे लावताक्षणी चकाकतं, घासायची गरज नाही. त्याचं सगळं आकर्षण यातच, आणि दुखणंही यातच: थरावर थर चढत जातात आणि बूट जिथे रोज दुमडतो तिथे ते तडकतात.

(दृश्य: मध्यवर्ती बसस्थानकाबाहेर, पत्र्याचा गटई स्टॉल. आरी, रापी, दोऱ्याची रिळं.)

स्टँडबाहेरच्या स्टॉलवर बूट-चपला शिवणाऱ्या, पॉलिश करणाऱ्या मामांना ब्रश दिला. त्यांनी तो उलटसुलट केला, टोपणाचा वास घेतला आणि बाजूला ठेवला. त्यांच्या फळीवर पॉलिशचे ब्रश होते, एक नाही, जोडीजोडीनं. काळं लावायचा वेगळा, काळं चमकवायचा वेगळा. तपकिरीचे परत दोन. "लावायचा ब्रश वल्ला, चमकवायचा कोरडा. ह्यो एकच हाय. मग चमकवायचं कशानं?"

उद्यमनगरात सगळा ब्रश सुटा करूनही ही गोष्ट आमच्या ध्यानात आली नव्हती. ज्या ब्रशातून पॉलिश झिरपतं तो कधी कोरडा होत नाही, आणि कोरडा नसलेल्या ब्रशानं मेण सपाट होत नाही, फक्त इकडचं तिकडे सरकतं. डबीतून पॉलिश उचलणं हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. यंत्र नेमकं त्याच्यावर चालवलं. अवघड आहे ते मेण किती घ्यायचं, कुठे घ्यायचं, किती वेळ सुकू द्यायचं आणि मग किती घासायचं. मामा ब्रशाच्या फक्त टोकाला पॉलिश लावतात, डबीवर जेमतेम टेकवून. केसही निवडलेले: लावायला जाड राठ, चमकवायला घोड्याचे मऊ. आमच्या ब्रशाचे केस नायलॉनचे, गुळगुळीत. पॉलिश त्यांच्यावर ठरत नाही, ओघळतं.

"बोटं मात्र काळी होत नाहीत," आम्ही जाहिरातीतलं वाक्य ऐकवलं. मामांनी स्वतःची बोटं बघितली. "आमची हायतच की." एवढंच. आपल्याकडे दुसऱ्याच्या बुटाला हात लावणं हे नुसतं काम कधीच नव्हतं; कुणी ते करायचं आणि कुणी पाय पुढे करायचा, हे जातीनं ठरवून दिलेलं होतं. म्हणून तर नोकऱ्या मागणारे पदवीधर आजही बूट पॉलिश आंदोलन करतात, आणि पॉलिश करण्यात अपमान आहे हे गृहीत धरूनच ते आंदोलन चालतं. मामांच्या स्टॉलसमोर उभं राहून त्या आंदोलनाकडे पाहिलं तर ते जरा चमत्कारिक दिसतं.

(दृश्य: जुनं छायाचित्र. पॅरिसचा रिकामा रस्ता, कोपऱ्यात एक आकृती.)

पॉलिशला वेळ लागतो याचा एक नामी पुरावा आहे. १८३८ साली लुई दागेर या छायाचित्रणाच्या आद्य प्रवर्तकानं पॅरिसच्या एका हमरस्त्याचं छायाचित्र घेतलं. तेव्हा प्लेटवर चित्र उमटायला काही मिनिटं लागत, त्यामुळे गाड्या, घोडे, येणारे-जाणारे काही उमटलेच नाहीत. उमटला एक माणूस, कारण तो एका जागी पाय पुढे करून उभा होता: बूट चमकवून घेत होता. माणूस दिसणारं आज ज्ञात असलेलं सगळ्यात जुनं छायाचित्र हेच मानलं जातं. त्या गृहस्थाच्या हाती हा झटपट ब्रश असता तर रस्ता रिकामाच दिसला असता.

(दृश्य: शिरोळ तालुका. सैनिक टाकळीची वेस. अंगणात खुर्ची.)

आणि वेळेची ज्यांना मुळीच घाई नाही अशी माणसं भेटायची असतील तर शिरोळ तालुक्यात सैनिक टाकळीला जावं. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत जाणारं गाव, नावातच सैनिक. इथल्या एका निवृत्त मेजरांना (हवालदार असोत की सुभेदार, आपल्याकडे फौजी म्हणजे मेजरच) आम्ही ब्रश दाखवला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. आतून जुने ड्रिलचे बूट आणले, सुती फडकं दोन बोटांना घट्ट गुंडाळलं, पॉलिशला नुसतं टेकवलं, पाण्याचा एक थेंब, आणि बुटाच्या नाकावर छोटी छोटी वर्तुळं सुरू. बोलणं चालू, हात चालू. पाण्यामुळे फडकं मेणाला चिकटत नाही, आधी बसलेला थर उखडत नाही. कातड्याची छिद्रं थराथरानं बुजत जातात. अर्ध्या तासानं बुटाच्या नाकात अंगणातला पेरू दिसायला लागला.

आम्ही विचारलं, सगळाच बूट असा का करत नाही? "वाकतंय तिथं करायचं नसतंय. तडकतंय." आरसा फक्त नाकाला आणि टाचेला, जिथे कातडं कडक असतं. झटपट ब्रशाच्या थराला जे दुखणं, तेच फौजी आरशालाही. फरक एवढाच की मेजरांना थांबायचं कुठे ते माहीत आहे, आणि ब्रश सगळीकडे सारखाच फासतो.

(दृश्य: जुलैचा पाऊस. शाळेचं फाटक. छत्र्या, चिखल.)

इतकं झाल्यावर ब्रशाची बाजूही मांडली पाहिजे. बऱ्याच शाळकरी बुटांत आज कातडं नसतं. रेक्झिन असतं, नाहीतर प्लास्टिक. त्याला छिद्रंच नाहीत, मग मेण मुरणार कुठे? त्यावर डबीचं पॉलिश नुसतं वर राहतं आणि मोज्यांना लागतं. तिथे हे पाणीदार पॉलिश चांगलं बसतं आणि पटकन सुकतं. जुलैच्या कोल्हापुरी पावसात रोज चिखलात बुडणारा, वर्षभरात लहान होणारा पोराचा बूट पिढीजात वारशाच्या थाटात घासावा, असं आम्ही तरी त्या आईला सांगणार नाही. आधी चिखल ओल्या फडक्यानं पुसावा आणि बूट सुकू द्यावा, एवढं पथ्य पाळलं तरी पुष्कळ. चिखलावरच पॉलिश ओढलं की दोन्ही मिळून पापुद्रा धरतं.

खऱ्या कातड्याच्या बुटाला मात्र हा ब्रश एकटा पुरत नाही. घ्यायचाच तर जोडीला साधा कोरडा ब्रश घ्या, आणि नळी रिकामी झाल्यावर परत भरता येते का, ते दुकानातच बघून घ्या. आमच्या ब्रशाची मूठ कारखान्यातच कायमची बंद केलेली. उद्यमनगरात सुटली, पण सगळ्यांच्या घरी लेथ नसतो.

(दृश्य: पुन्हा गटई स्टॉल. दुपार.)

टर्नरनं परत जुळवून दिलेला ब्रश शेवटी मामांकडेच राहिला. त्याचं असं झालं की एका गिऱ्हाईकाच्या बुटाचा वरचा भाग चमकवून झाला होता आणि सोलची कड पांढुरकी पडली होती. कातडं आणि सोल यांच्या मधल्या त्या खाचेत गोल ब्रश नीट शिरत नाही, मामा तिथे एरवी चिंधीचं टोक वापरतात. त्यांनी आमचा ब्रश उचलला, मूठ जरा दाबली आणि कडेनं एका दमात फिरवला. खाच काळी झाली, वरच्या चमकेला धक्का नाही. कडेला आरसा कुणी मागत नाही, ती वरच्या कातड्याइतकी दुमडतही नाही.

"कडंला चालतंय," मामा म्हणाले. "हितंच ऱ्हाऊ दे. आणि तपकिरी मिळतोय का बघा की."