सरकत्या सीमा

पडद्यावर एक वक्र आहे. त्याच्याखालचा रंगवलेला भाग म्हणजे समाकल. डावीकडे एक उभी कड, उजवीकडे दुसरी. दोन्ही कडा जागच्या जागी असल्या, तर क्षेत्रफळ ही एक ठरलेली संख्या असते आणि तिचं अवकलन, म्हणजे बदलाचा दर, शून्य.

आता उजवी कड मोकळी सोडू; तिची जागा एक्स या चलावर अवलंबून असू दे. एक्स बदलला की ती सरकणार आणि क्षेत्रफळही बदलणार. किती वेगानं?

चित्र थांबवून नीट पाहू. कड किंचित पुढे गेली, की रंगाची एक बारीक पट्टी वाढते. पट्टीची उंची म्हणजे कडेपाशी असलेली वक्राची उंची. रुंदी, कड जेवढी सरकली तेवढी. आधीचा रंग जसाच्या तसा. म्हणून बदलाचा दर म्हणजे कडेवरची उंची गुणिले कडेचा वेग. डावी कड पुढे सरकते तेव्हा रंग पुसला जातो, म्हणून तिचा हिस्सा वजा करायचा.

या नियमाचं मला सर्वांत अप्रूप वाटतं ते यासाठी, की मधलं क्षेत्रफळ काढावंच लागत नाही. ‘ई’ (सुमारे २.७१८ ही संख्या) हिचा उणे टी-वर्ग हा घात घ्या; टी म्हणजे वक्राखालच्या आडव्या रेषेवरची जागा. त्याचा समाकल आपल्या ओळखीच्या साध्या फलनांत लिहिताच येत नाही. तरीही एक्सपासून एक्स-वर्गापर्यंतच्या त्याच्या समाकलाचं अवकलन एका ओळीत होतं: २ एक्स गुणिले ‘ई’चा उणे एक्स-चतुर्घात हा घात, वजा ‘ई’चा उणे एक्स-वर्ग हा घात. सुरुवातीचा तो २ एक्स म्हणजे उजव्या कडेचा वेग. परीक्षेत हमखास गळतो तो हाच.

आणि कडा सरकत असतानाच वक्रही वर उचलला जात असेल तर? एक्स गुणिले टी या फलनाचा शून्यापासून एक्सपर्यंतचा समाकल पाहा. थेट काढला तर येतो एक्स-घन भागिले २, म्हणजे अवकलज दीड एक्स-वर्ग. पण कडेचा हिशेब देतो फक्त एक एक्स-वर्ग. उरलेला अर्धा कुठे गेला? तो आत आहे. एक्स वाढला की रंगातली प्रत्येक उभी रेघ टी या दरानं उंचावते. त्या सगळ्या वाढीची बेरीज, म्हणजे शून्यापासून एक्सपर्यंत टीचा समाकल, बरोबर अर्धा एक्स-वर्ग. फलन आणि त्याचा एक्सच्या संदर्भातला आंशिक अवकलज (टी स्थिर ठेवून फक्त एक्स बदलल्यावरचा दर) संतत, म्हणजे कुठेही न तुटणारे असले, कडांचा वेग काढता येत असला, की हा हिशेब बिनचूक जुळतो.

या नियमाला जर्मन गणितज्ञ लायब्निट्स यांचं नाव आहे. समाकलाचं ते उंच, वळणदार चिन्हही त्यांचंच. २९ ऑक्टोबर १६७५ च्या हस्तलिखितात त्यांनी ते लिहिलं: लॅटिनमधल्या ‘सुम्मा’ म्हणजे बेरीज या शब्दाचा लांबवलेला पहिला वर्ण.

पुढे वाहत्या द्रवाच्या अभ्यासात ऑसबर्न रेनॉल्ड्स यांच्या नावाचं प्रमेय आलं. तिथे वक्राखालच्या रंगाऐवजी द्रवानं भरलेलं, सतत आकार बदलणारं घनफळ असतं आणि दोन कडांच्या जागी त्याचा संपूर्ण पृष्ठभाग. हिशेब मात्र तोच: आत काय बदललं, अधिक सीमेनं सरकताना काय आत घेतलं नि काय बाहेर सोडलं.