नाव घेऊन मागणं

नमस्कार, श्रोतेहो.

आमच्या वसईत लग्न म्हटलं की बँड आलाच. आमचे काका त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. सकाळी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे उपासनेला, गायनमंडळाबरोबर आणि संध्याकाळी वरातीत सिनेमाची गाणी. वाद्य तेच. पेटी उघडली की आधी रीड, म्हणजे फुंकायच्या टोकाची पातळ पट्टी, काढून तोंडात धरायचे. ती ओली होईपर्यंत कुणाशी एक अक्षर बोलायचे नाहीत. मग रीड बसवायची, स्क्रू आवळायचे आणि पहिला सूर काढण्याआधी क्रूसाची खूण करायची. मिस्साला करायचे, तशीच वरातीलाही. मला लहानपणी वाटायचं, वाद्याला ती लागतेच, तेलासारखी.

पंधरा-सोळा वर्षांची असताना मी एका शिबिराला गेले होते. तिथे सांगितलं गेलं, घरातल्या सिनेमाच्या गाण्यांच्या कॅसेट आणा, त्या टाकून देऊ आणि प्रार्थनेत मन लावू. मी दोन कॅसेट नेल्या आणि टाकल्या. घरी येऊन मोठ्या अभिमानाने काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "त्यात व्हायोलिन कोण वाजवतंय, ठाऊक आहे का तुला? आपलीच माणसं आहेत गं ती."

हे 'आपलीच माणसं' मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनेबरोबर पाश्चात्त्य स्वरलेखन शिकवलं जाई. शिकवणारा तो 'मेस्त'. मिस्साला आणि सणाला गायला-वाजवायला माणसं तयार व्हावीत, एवढाच त्यामागचा हेतू. पण कागदावरचं संगीत वाचता येणारी ही मुलं पोटासाठी मुंबईला आली आणि हॉटेलांच्या जाझ बँडमध्ये, पुढे सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. संगीतकाराने पेटीवर चाल ऐकवायची आणि चाळीस-पन्नास वादकांपैकी कुणी कुठे काय वाजवायचं, हे अरेंजरने रात्र जागून कागदावर उतरवायचं. त्या अरेंजरांत गोव्याची माणसं कितीतरी होती. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांमागे सेबॅस्टियन डिसोझा होते. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांना 'अलबेला'च्या वेळी, १९५१ साली, हळदोण्याच्या चिक चॉकलेट यांची साथ होती. त्यांचं खरं नाव अँटोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट हातात घेतला की माणसं जेवायची थांबत, असं जुने लोक सांगतात.

आणि अँथनी गोन्साल्विस! १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यामुळे हे नाव पोराटोरांच्या तोंडी बसलं. ते एका खऱ्या माणसाचं नाव आहे, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. १९२७ साली दक्षिण गोव्यात माजोर्ड्याला त्यांचा जन्म झाला. वडील तिथल्या चर्चचे गायनप्रमुख. अँथनी मुंबईत व्हायोलिन वाजवू लागले, शिकवूही लागले. त्यांच्या शिष्यांपैकी एक प्यारेलाल. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या त्या शिष्यानेच गुरूचं नाव गाण्यात आणलं. १९५८ साली अँथनी यांनी स्वतःचा सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, त्यात आपले राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणले. पुढे सिनेसृष्टी सोडून ते अमेरिकेत गेले आणि परतल्यावर माजोर्ड्यालाच राहिले. २०१२ साली ते गेले. गाणं मात्र आजही प्रत्येक वरातीत वाजतं.

मुंबईत या वादकांपैकी अनेकांचा मुक्काम धोबीतलावच्या कुडींमध्ये असे. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली खोली. बोटीवर जाणारे खलाशी, आचारी, वादक, सगळे तिथे उतरत. भिंतीला ओळीने ट्रंका, मध्ये गावच्या संताची वेदी. संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स म्हणायची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, हा तिथला नियम. तेर्सनंतर लदाईन. त्यात एकेक नाव घ्यायचं आणि सगळ्यांनी 'आमच्यासाठी विनंती कर' म्हणायचं. ट्रंकेवर व्हायोलिनची पेटी ठेवलेली आणि तिचा मालक गुडघ्यावर, असं चित्र मी डोळ्यांपुढे आणते, तेव्हा त्या दोन कॅसेट आठवून आजही जिवाला लागतं. ज्यांच्या हातांना आपल्याच चर्चने सूर दिले, त्यांची कमाई मी कचऱ्यात टाकली होती.

सगळी गाणी चांगली असतात, असं मी म्हणत नाही. बाईला बाजारात मांडणारी गाणी मला सहन होत नाहीत, घरी लागली तर मी बंद करायला सांगते. पण गाणं बंद केलं तरी ते लिहिणारा, ते वाजवणारा माणूस उरतोच. त्याला घरभाडं द्यायचंय, त्याच्यावर ठेकेदाराचा तगादा आहे, रात्री दोनला तो लोकलच्या फलाटावर पहाटेच्या गाडीची वाट पाहत बसलाय. बायबलमध्ये संत पौल तीमथ्याला लिहितात की सर्व माणसांसाठी प्रार्थना करा. त्या 'सर्व'मधून आपण वाद्यवाल्यांना केव्हा वगळलं? स्तोत्र १५० मध्ये तर शिंग, वीणा, डफ, झांजा, नाच, काहीच सोडलेलं नाही.

२२ नोव्हेंबरला संत सिसिलियेचा सण येतो. संगीतकारांची ती आश्रयदाती. त्या दिवशी आपण गायनमंडळासाठी प्रार्थना करतो, ती करूच. माझी विनंती आहे की, त्यात लग्नातला बँड, वरातीतला डीजे, स्टुडिओत रोजंदारीवर ढोलकी वाजवणारा पोरगा यांचीही नावं घ्या. नाव ठाऊक नसेल, तर विचारून घ्या. बँडवाल्याला त्याचं नाव कोणी विचारतच नाही.

माझी भाची कॉलेजात आहे. दिवसभर तिच्या कानात काही ना काही वाजत असतं. परवा मी तिला म्हटलं, "मलाही ऐकव." इअरफोनचं एक बोंडूक तिने माझ्या कानात घातलं. गाणं मला काही फारसं उमगलं नाही, पण मागे गिटार सुरेख होती. विचारलं, "गिटार कोणाची?" तिला माहीत नव्हतं. मग दहा-पंधरा मिनिटं फोनमध्ये शोधत बसली. सापडलं तेव्हा तिलाच आनंद झाला.

रात्री जपमाळेच्या शेवटी आम्ही घरातले आजारी, परदेशी असलेले, गेलेले, अशी नावं घेतो. तिची पाळी आली, तेव्हा तिने आधी आजीचं नाव घेतलं. मग जरा थांबली, माझ्याकडे बघितलं आणि त्या गिटारवाल्याचं घेतलं. माझ्या आईने डोळे न उघडताच विचारलं, "हा कोण गं आपला?"

आणि उत्तराची वाट न बघता पुढचा मणी धरला.