‘खोली आहे का?’ या प्रश्नाला उत्तर कसं लिहायचं

नमस्कार मंडळी.

पेडण्यातला होमस्टे असो, म्हापशातलं काजूचं दुकान असो, नाहीतर घरच्या घरी सोलां आणि लोणची करून विकणारी एखादी ताई असो, गिऱ्हाईक हल्ली आधी फोनवर भेटतं. दारात नंतर येतं. आणि फोनवर त्याला दिसतात फक्त तुमची चार वाक्यं. त्या चार वाक्यांवर पुढचं सगळं ठरतं, म्हणून आज ती वाक्यं कशी लिहायची ते नीट बघू.

नियम एकच धरून चाला. उत्तर असं लिहायचं की समोरच्याला पुढचा प्रश्न विचारावाच लागू नये.

सुरुवात होमस्टेपासून करू.

[पडद्यावर: ‘नमस्कार, १४ ते १६ डिसेंबर खोली आहे का? आम्ही दोघं आहोत. रेट काय?’]

याला नेहमीचं उत्तर काय जातं? ‘हो, आहे. कॉल करा.’ आता हा माणूस पुण्यात ऑफिसात बसलाय, मीटिंगमध्ये आहे, त्याने एकाच वेळी पाच ठिकाणी हाच मेसेज टाकलाय. तो कॉल करणार नाही. ज्याने आकडा लिहिला त्याच्याशी तो पुढे बोलेल.

आता हे उत्तर वाचा.

[पडद्यावर, एकेक ओळ:]

‘नमस्कार. १४ डिसेंबरला येऊन १६ ला निघणार, म्हणजे २ रात्री, २ मोठी माणसं. वरच्या मजल्यावरची खोली मोकळी आहे.
एका रात्रीचे २२०० रुपये, दोन रात्रींचे मिळून ४४००. यात सकाळचा नाश्ता आणि कर धरलेला आहे.
खोली दुपारी १२ नंतर मिळेल, निघायच्या दिवशी सकाळी १० पर्यंत सोडायची.
एसी आहे. लिफ्ट नाही, २२ पायऱ्या चढाव्या लागतात. समुद्र चालत जाण्याइतका जवळ नाही, गाडीने २५ मिनिटं लागतात.
खोली हवी असेल तर आज रात्री ९ पर्यंत ११०० रुपये पाठवा. तोपर्यंत ती दुसऱ्या कुणाला देणार नाही.’

पहिली ओळ बघा. ‘१४ ते १६’ म्हणजे दोन रात्री की तीन? पाहुणा एक धरतो, मालक दुसरं धरतो, आणि भांडण होतं १६ तारखेच्या सकाळी, दारात. म्हणून येण्याची तारीख, जाण्याची तारीख आणि रात्रींची संख्या, तिन्ही लिहायच्या. महिना अक्षरांत लिहायचा. ०५/०६ असं लिहिलं तर आपण ५ जून वाचतो, अमेरिकेतला माणूस ६ मे वाचतो. आणि ‘उद्या’ हा शब्द मेसेजमध्ये वापरूच नका. रात्री पावणेबाराला पाठवलेला मेसेज पाहुणा सकाळी सातला वाचतो, मग त्याचा ‘उद्या’ एक दिवस पुढे सरकतो.

दुसऱ्या ओळीत एकूण रक्कम आहे. ‘२२०० पासून पुढे’ असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतं, माझे नक्की किती होणार? गुणाकार त्याच्यावर टाकू नका. कर आत की बाहेर, नाश्ता आत की बाहेर, तिथेच सांगून टाका.

चौथी ओळ लिहायला बहुतेक मालक कचरतात. पायऱ्या कशाला सांगायच्या, समुद्र लांब आहे हे कशाला सांगायचं? सांगायचंच. गुडघे दुखणारी आई घेऊन आलेल्या माणसाला २२ पायऱ्या दारात आल्यावर कळल्या, तर तो चिडतो, आणि ती चीड तो गुगलवर लिहून ठेवतो. आधी सांगितलं तर एकतर तो खालची खोली मागेल, नाहीतर येणार नाही. दोन्ही परवडतं. शिवाय उणी बाजू आपणहून सांगणाऱ्याच्या बाकीच्या शब्दांवर लोक विश्वास ठेवतात.

शेवटच्या ओळीत पाहुण्याने काय करायचं, किती वाजेपर्यंत, आणि तोवर तुमचा शब्द काय, हे तिन्ही आलं. ‘लवकर कळवा’ म्हटलं की कुणी लवकर कळवत नाही, कारण लवकर म्हणजे कधी हे त्यात नाहीच.

पाहुणा नक्की झाला की लगेच दुसरा मेसेज जातो, पत्त्याचा. गोव्यात आता दोन विमानतळ आहेत. ५ जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमानं सुरू झाली आणि दाबोळीही चालूच आहे. एक उत्तरेच्या टोकाला पेडण्यात, दुसरा वास्कोजवळ. त्यामुळे ‘विमानतळापासून तासभर’ हे वाक्य आता अर्धवट आहे. ‘मोपाहून इतका वेळ, दाबोळीहून इतका वेळ’ असं लिहा. रेल्वेने येणाऱ्याला थिवी, करमळी की मडगाव, नेमकं कुठे उतरायचं ते सांगा. मुंबईहून येणारा माणूस सवयीने मडगावचं तिकीट काढतो आणि घर असतं डिचोलीत.

नकाशाची पिन पाठवाच, पण खाली खुणा लिहा. आपल्या वाड्यांत घराचे नंबर क्रमाने नसतात, आणि पिन पुष्कळदा मागच्या भाटात, म्हणजे बागायतीत, नेऊन उभं करते. ‘देवळाच्या तिठ्यावरून डावीकडे, २०० मीटरवर पिंपळाचा पार, त्याच्या समोरचं निळ्या फाटकाचं घर.’ इतकं पुरतं. रात्री येणाऱ्यासाठी एकच खूण निवडायची असेल तर उजेड असलेली निवडा. पिंपळ अंधारात दिसत नाही.

परदेशी पाहुणा असेल तर पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत मागताना कारणही लिहा. परदेशी पाहुणा आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती सरकारला ऑनलाइन कळवणं (लोक याला ‘फॉर्म सी’ म्हणतात) ठेवून घेणाऱ्यावर बंधनकारक आहे. नुसतं ‘पासपोर्टचा फोटो पाठवा’ म्हटलं की माणूस सावध होतो. कारण दिलं की लगेच पाठवतो.

हे सगळं दरवेळी टाईप करायचं नाही. व्हॉट्सॲप बिझनेसमध्ये क्विक रिप्लाय म्हणून सोय आहे, त्यात ५० उत्तरं साठवता येतात. तिरकी रेघ आणि तुम्ही ठरवलेला छोटा शब्द टाईप केला की आख्खा मजकूर समोर येतो. एक दराचा, एक पत्त्याचा, एक ‘त्या तारखांना जागा नाही’चा, असे तीन केले तरी रोजचं बरंच काम भागतं. तारीख आणि रक्कम जिथे बदलायची तिथे साठवताना ठळक फुल्या ठेवा, कोरी जागा ठेवू नका. कोरी जागा घाईत दिसत नाही आणि मागच्या पाहुण्याचा दर पुढच्याला जातो. आपोआप जाणारा स्वागताचा मेसेजही तिथेच लावता येतो. माणूस पहिल्यांदा लिहितो, किंवा १४ दिवस काही बोलणं न होता पुन्हा लिहितो, तेव्हा तो जातो. त्यात गोड स्वागत एका ओळीचं पुरे. पुढे तीन गोष्टी मागा: तारखा, माणसं किती, मुलं असतील तर त्यांची वयं.

आता दुकान. काजूचं उदाहरण घेतो, कारण यात लिहिण्यासारखं खूप आहे आणि लिहिलं जातं फार थोडं. ‘गोव्याचे अस्सल ताजे काजू, उत्तम दर्जा.’ या ओळीत गिऱ्हाइकाला कळलं काय? काहीच नाही. ताजे म्हणजे कधीचे? उत्तम म्हणजे कुठला?

काजूगराची प्रत आकड्यात सांगता येते. डब्ल्यू २४० म्हणजे एका पौंडात, म्हणजे साधारण ४५४ ग्रॅममध्ये, २२० ते २४० अख्खे गर. डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. डब्ल्यू १८० सगळ्यांत मोठा. पण ‘डब्ल्यू २४०’ हे व्यापाऱ्याला कळतं, ठाण्यातल्या काकूंना कळत नाही. त्यांच्यासाठी हिशेब करून द्या: पाव किलोच्या पाकिटात डब्ल्यू २४० चे साधारण १२० ते १३० गर बसतात, डब्ल्यू ३२० चे १६५ ते १७५. दोन पाकिटांच्या भावात फरक का, हे आता त्यांना विचारावं लागत नाही. सालीसकट भाजलेले असतील तर तसं वेगळं सांगा, मीठ आहे की नाही सांगा, ‘ताजे’च्या जागी भाजल्याची तारीख टाका. वजन निव्वळ किती, कुरियरचा खर्च किती, किती दिवसांत पोचेल. आणि एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर मजकुरातही द्या, नुसता पाकिटावर नको, कारण ऑनलाइन घेणाऱ्याच्या हातात पाकीट अजून आलेलं नसतं.

दराचं पत्रक फोटो करून टाकण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. फोटोतला दर बदलायला पुन्हा डिझायनर लागतो, गिऱ्हाइकाला तो मजकूर सहज उचलून नवऱ्याला पाठवता येत नाही, आणि जुना फोटो दोन वर्षं फिरत राहतो. दर फोटोत नको, टाईप करून लिहा आणि वर ‘दर अमुक तारखेपर्यंत’ अशी ओळ टाका.

एक गोष्ट खास आपल्याकडची. आपण लिहितो सोलां, मुंबई-पुण्याची माणसं शोधतात आमसुलं किंवा कोकम. आपण म्हणतो माडाचं गोड, ती शोधतात नारळाचा गूळ. त्यामुळे नावात दोन्ही शब्द हवेत, ‘सोलां, म्हणजे आमसुलं’. आपला शब्द काढून टाकू नका, त्यातच गोवा आहे. फक्त शेजारी त्यांचा शब्द ठेवा. नाश्त्याला ‘पोळी-भाजी’ लिहिताना तर जास्तच जपा. आपल्या डोळ्यांसमोर पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची पोळी असते, नागपूरच्या पाहुण्याच्या डोळ्यांसमोर चपाती.

भाषेचं आणखी एक. ‘आपण’ हा शब्द मराठीत तुम्ही या अर्थानेही येतो आणि तुम्ही-आम्ही मिळून या अर्थानेही. ‘आपण गाडीची सोय करू’ म्हटल्यावर गाडी कोण बघणार? व्यवहाराच्या वाक्यात ‘तुम्ही’ आणि ‘आम्ही’ स्वच्छ वापरा. आदर कमी होत नाही. गिऱ्हाईक कोकणीत लिहीत असेल तर कोकणीत उत्तर द्या. फक्त तारीख, रक्कम आणि वेळ तिथेही आकड्यांत.

आता एसएमएस. जुन्या गिऱ्हाइकांना अजून बरेच दुकानदार पाठवतात. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, सगळं वेगळं मोजलं जातं. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर दिसतं, मोजणीत ती चार होतात. म्हणून हा मेसेज बघा.

[पडद्यावर: ‘नमस्कार, चतुर्थीनिमित्त आमचे दुकान सोमवार ते बुधवार बंद राहील. गुरुवारी सकाळी ९ वाजता उघडेल.’]

हे ९२ झाले, म्हणजे दोन एसएमएसचे पैसे. तेच असं लिहा:

[पडद्यावर: ‘चतुर्थी: दुकान सोम ते बुध बंद. गुरुवारी सकाळी ९ ला सुरू.’]

हे ५६. उरलेल्या १४ मध्ये दुकानाचं नाव बसवा, नाहीतर मेसेज कुणाचा तेच कळणार नाही. व्यापारी एसएमएससाठी पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी डीएलटीवर, म्हणजे मोबाइल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, नोंदवून घ्यावा लागतो, तेव्हा हा मजकूर चतुर्थीच्या आदल्या दिवशी लिहायला बसू नका.

चतुर्थीची हीच सुट्टी गुगलच्या प्रोफाइलवरही टाका. तिथे सणासुदीच्या दिवसांसाठी वेगळ्या वेळा लावता येतात. नाहीतर प्रोफाइल ‘उघडं आहे’ म्हणतं आणि माणूस वाळपईहून येऊन कुलूप बघून जातो. तिथे व्यवसायाच्या वर्णनाला ७५० अक्षरं मिळतात. पहिल्या दोन वाक्यांत काय विकता आणि कुठे, ते येऊ द्या, इतिहास नंतर. आणि व्यवसायाच्या नावात ‘बेस्ट’, ‘स्वस्त’, ‘बीचजवळ’ असले शब्द घुसडू नका. पाटीवर जे नाव तेच तिथे. गुगलच्या नियमात ते बसत नाही, आणि त्यावरून प्रोफाइल बंद पडू शकतं.

राहिला वाईट रिव्ह्यू. समजा कुणी लिहिलं, ‘पाणी नव्हतं, मालकाने लक्ष दिलं नाही.’ राग येतो, तो खराही असतो. तरी त्या दिवशी उत्तर लिहू नका. दुसऱ्या दिवशी लिहा, आणि लिहिताना डोळ्यांसमोर तक्रार करणारा ठेवू नका, पुढच्या महिन्यात येणारा पाहुणा ठेवा. उत्तर वाचणार तोच आहे.

[पडद्यावर: ‘तुमच्या मुक्कामात सकाळी दोन तास पाणी नव्हतं, त्याबद्दल माफ करा. पंप बिघडला होता, तो त्याच दुपारी दुरुस्त झाला. आता वेगळी १००० लिटरची टाकी बसवली आहे.’]

काय झालं, किती वेळ, आता काय बदललं. टाकी खरंच बसवली असेल तरच ती ओळ लिहायची. पाहुण्याची चूक काढायची नाही, त्याचं नाव, खोली, कुणाबरोबर आला होता, असलं काही उघड करायचं नाही. आणि ‘आमच्याकडे आजवर कुणी तक्रार केली नाही’ हे वाक्य तर कधीच नको. त्याने वाचणाऱ्याला इतकंच कळतं की तुम्ही ऐकत नाही.

आज संध्याकाळी घरातला दुसरा फोन घ्या, ज्यात तुमचा नंबर सेव्ह नाही असा. त्यावरून स्वतःच्या दुकानाला गिऱ्हाईक म्हणून एक मेसेज टाका, आलेलं उत्तर वाचा, पिन उघडून बघा, पैसे भरायच्या लिंकवर बोट ठेवून नाव कुणाचं येतं ते तपासा. जिथे अडकाल ती ओळ आधी दुरुस्त करा.