गोवर कुठे मुक्काम करतो?

श्रोतेहो, नमस्कार. गळीत हंगाम सुरू झाला, की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या बायका-मुलांसह आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातील फडांजवळ उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी माघारी जातात. माणसांच्या अशा ये-जा करण्याचा आणि वस्तीच्या आकाराचा साथींच्या फेऱ्यांशी काय संबंध असतो, हे आज गोवराच्या उदाहरणाने पाहू.

त्यासाठी मला तुम्हाला उत्तर अटलांटिक समुद्रातील फेरो बेटांवर न्यावे लागेल. डेन्मार्कच्या सत्तेखालील या बेटांवर 1781 साली गोवराची साथ येऊन गेली होती आणि त्यानंतर 65 वर्षे तेथे गोवर दिसला नव्हता. 1846 च्या मार्चअखेरीस कोपनहेगनहून एक सुतार बोटीने तेथे उतरला आणि थोड्याच दिवसांत गोवराने आजारी पडला. पुढील काही महिन्यांत सुमारे 7,800 वस्तीपैकी सुमारे 6,000 माणसे अंथरुणाला खिळली. सरकारने पंचविशीतील एक डॉक्टर, पीटर लुडविग पानूम, यांना तिकडे धाडले. ते गावोगाव हिंडले, घरोघरी तारखा विचारत राहिले. (दवाखान्यात बसून साथ कळत नाही, हे माझे जुने मत आहे, आपल्याकडे ही पायपीट आशाताई करतात आणि अहवालावर सही मात्र दुसऱ्याची असते.)

त्या तारखांमधून एक विलक्षण गोष्ट उलगडली. 4 जून रोजी एका गावातील दहा पुरुष नाव घेऊन दुसऱ्या गावी देवमाशांच्या शिकारीला गेले होते आणि 18 जून रोजी त्या दहाही जणांच्या अंगावर पुरळ उठले. दहाही जणांच्या, एकाच दिवशी! संसर्ग झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण चौदा दिवस जातात, हे पानूम यांना अशा नोंदींवरूनच उमगले. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी त्यांच्या गावातील इतरांची पाळी आली. याहून नवलाची बाब म्हणजे, 1781 मध्ये लहानपणी ज्यांना गोवर झाला होता, त्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. पासष्ट वर्षांनंतरही नाही.

आता यामागचे कारण थोडक्यात सांगतो. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड पडत राहिले, तरच जाळ टिकतो. गोवरालाही तसेच, पूर्वी गोवर न झालेले नवे जीव सतत मिळावे लागतात. लहान वस्तीत ते लवकर संपतात, मग रोग नाहीसा होतो आणि बाहेरून कोणी आणेपर्यंत परतत नाही. मोठ्या शहरात जन्मच इतके होतात, की तो कायमचा मुक्काम ठोकतो. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ मॉरिस बार्टलेट यांनी 1957 साली इंग्लंडमधील शहरांच्या आकड्यांवरून ही सीमारेषा अडीच ते तीन लाख लोकवस्तीच्या आसपास दाखवली. लस येण्यापूर्वी तेथील मोठ्या शहरांत साधारणतः दर दोन वर्षांनी मोठी साथ येई, कारण एका साथीने रिकामी केलेली जागा नवजात बालकांनी भरायला तेवढा अवधी लागे. पुन्हा सांगतो : मोठ्या वस्तीत गोवर राहतो, लहान वस्तीत तो पाहुणा म्हणून येतो, आणि जितक्या उशिरा येतो तितका अधिक जणांना गाठतो.

प्रत्येक रोगाला हा हिशोब लागू पडत नाही. कांजिण्यांचा विषाणू बऱ्या झालेल्या माणसाच्या शरीरात दडून राहतो आणि म्हातारपणी नागीण होऊन उठतो. आजीच्या नागिणीतून नातवाला कांजिण्या होऊ शकतात, म्हणून छोट्याशा बेटावरही त्या टिकून राहतात.

2011 च्या जनगणनेनुसार कोल्हापूर शहराची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या घरात होती. म्हणजे लस नसती, तर बार्टलेट यांच्या हिशोबाने गोवराला येथे बारमाही मुक्काम करता आला असता. फडावरच्या झोपड्यांचे तसे नाही. तेथे तो टोळीबरोबर येतो किंवा टोळीबरोबर जातो, आणि पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासूनच पसरत असल्यामुळे गाडीत बसलेले मूल वरकरणी सर्दी-तापाचेच वाटते. गोवर-रुबेला लशीचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांच्या दरम्यान द्यायचा असतो. पहिला डोस गावाकडे घेतलेल्या मुलाच्या दुसऱ्या डोसची वेळ अनेकदा ऐन हंगामात येते. अशा वेळी तो जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत मिळतो, कार्ड बीडचे असले तरी. ही गोष्ट मुकादमांनी टोळी उतरल्याच्या पहिल्याच आठवड्यात आयांच्या कानावर घालावी.