सकाळचं ऊन

सकाळचे सव्वासात. पुण्यातल्या या गोल्फच्या मैदानावर सगळीकडे ऊन उतरलंय. फक्त या एका ग्रीनवर, म्हणजे चेंडू शेवटी भोकात ढकलतात त्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, दव तसंच आहे. पूर्वेला उभा आहे तो हा रेन ट्री.

जरा जवळून पाहा. इकडचं गवत आखूड, दाट. झाडाकडचं लांबुडकं, फिकट, मधेमधे काळपट शेवाळ.

हे गवत म्हणजे आपली हरळीच. शेतकरी जिला खणून खणून थकतो आणि जी पुन्हा उगवतेच, ती. ग्रीनवरची टिफड्वार्फ ही तिचीच संकरित, बुटकी जात, १९६५ साली अमेरिकेतल्या टिफ्टनमधून आलेली. नांगराला न जुमानणारी ही हरळी सावलीपुढे मात्र हात टेकते. तिला रोज सातआठ तास थेट ऊन लागतं. ते मिळालं नाही की पातं उजेड शोधत वर ताणतं, पातळ होतं. आणि त्याच पात्यावर रोज तीन-साडेतीन मिलिमीटरवर यंत्र फिरतं. अन्न तयार करायला उरलेलं थोडंफार पानही आपणच कापतो.

गवत पिवळं पडलं की आपण आधी युरियाकडे वळतो. माळीमामांनी तो इथे हात राखून वापरायला लावला. सावलीत जास्त नत्र दिलं की नुसती कोवळी वाढ होते, आणि बुरशीचं फावतं. या ग्रीनपुरती त्यांनी यंत्राची पट्टीही अर्धा मिलिमीटर वर घेतलीय. पाणी द्यायचं ते बोट मातीत खुपसून बघूनच.

आणि हा लवचिक बांबू. रोज पहाटे मामा तो ग्रीनभर असा फिरवतात. थेंब उडताना पाहा. पातं लवकर कोरडं झालं की बुरशीला थारा मिळत नाही.

या खुंट्या दिसतायत? दर तासाला सावलीची कड जिथे होती, तिथे एकेक ठोकलीय. जूनची रांग वेगळी, डिसेंबरची वेगळी, कारण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून येतो. कुठली फांदी आड येते, ते या खुंट्या सांगतात. अख्खं झाड पाडायचा सल्ला देणारे पुष्कळ भेटले. मामांनी तीन फांद्या मागितल्या. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी आली, तेव्हाच करवत चालली.

पावसाळ्यात ढगांपुढे इलाज नाही, तेव्हा हे ग्रीन बंद ठेवून शेजारी तात्पुरतं केलेलं वापरतात.

साडेआठ वाजले. सावलीची कड दुसऱ्या खुंटीपर्यंत मागे गेलीय. मामा बांबू झाडाला टेकवून ठेवतायत.